एकाच नावाची दोन खाती

ऑफिसात तिला सगळे चावीबाई म्हणत. तोंडावर मॅडम, पाठीमागे चावीबाई. तिला ते ठाऊक होतं आणि त्याचं तिला फारसं वाईटही वाटत नसे. पाण्याच्या पंपांचे व्हॉल्व्ह बनवणारी कंपनी, सहाशे चाळीस माणसं, आणि त्या सगळ्यांची मेल, फायली, हजेरी, रजेचे अर्ज ज्या एका ऑनलाइन सिस्टिमवर चालत, तिच्या चाव्या हिच्या हातात. नवा माणूस आला की त्याचं खातं उघडायचं, पासवर्ड विसरला की नवा द्यायचा, आणि माणूस गेला की खातं सस्पेंड करायचं.

सस्पेंड म्हणजे पुसून टाकणं नव्हे, हे ती प्रत्येक नव्या साहेबाला समजावून सांगे. "खातं जागेवरच असतं. आतलं काही हलत नाही. फक्त माणसाला आत येता येत नाही, आणि त्याला कुणी मेल पाठवलं तर ते परत जातं." पुढे सवडीने त्याच्या फायली दुसऱ्या कुणाच्या नावावर करायच्या, आणि मग खातं कायमचं काढून टाकायचं. आठ वर्षं ती हेच करत होती.

सुरुवातीला जाणारी माणसं स्वतः तिच्या टेबलाशी येत. कुणी निवृत्त होणारं, कुणी दुसरीकडे लागलेलं. "बाई, आमचं दुकान बंद करा आता," असं म्हणून पाच मिनिटं गप्पा मारून जात. अलीकडे माणसं येत नसत, याद्या येत. एचआरच्या मॅडमकडून मेल यायचं : नाव, कर्मचारी क्रमांक, वेळ. त्या वेळेला खातं बंद व्हायलाच हवं. त्याच वेळी वरच्या मजल्यावर त्या माणसाला बोलावून सांगितलं जाई. म्हणजे सकाळी जिन्यात भेटून "काय, बरं आहे ना?" विचारणाऱ्याचं साडेअकराला काय होणार हे हिला माहीत असे, त्याला नसे. मग ती लिफ्टने जाऊ लागली. लिफ्टमध्ये सगळेच मोबाइलमध्ये डोकं घालून उभे असतात.

तिचा नवरा दाताच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवत असे. घराच्या मागच्या खोलीत प्लास्टरचे जबडे ओळीने वाळत पडलेले असत. संध्याकाळी तो विचारायचा, "आज किती काढले?" ती म्हणायची, "तीन." "मी बत्तीस बसवले," तो म्हणायचा. हा विनोद पहिली दोन-तीन वर्षं चालला. पुढे एकदा ती "अकरा" म्हणाली, तेव्हापासून त्यानेच विचारायचं सोडलं.

ज्या दिवसाची ही गोष्ट, त्या दिवशी महिन्यातली चौथी यादी आली. चौदा नावं, वेळ सव्वाअकरा. यादी हातात पडली तेव्हा अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती, आणि घाईत बनवलेल्या त्या यादीत कर्मचारी क्रमांकाचा रकानाच नव्हता. अशी यादी परत पाठवायची असा नियम होता. तो नियम तिनेच लिहिला होता. पण सकाळपासून तिचं डोकं धरलं होतं, आणि परत पाठवली तर पुन्हा फोन, पुन्हा मेल, पुन्हा वरून ओरडा. तिने कामाला सुरुवात केली.

नववं नाव टाइप केल्यावर समोर दोन खाती आली. नाव तेच, आडनाव तेच. एक ड्रॉइंग विभागातला, एक स्टोअरमधला. दोघांनीही फोटो लावलेला नव्हता. नुसतं गोलात एकेक अक्षर. तिने वरच्या नावावर टिचकी मारली. सस्पेंड करायचं का? हो. मग ती दहाव्या नावाकडे वळली.

वरचं नाव स्टोअरकीपरचं होतं. स्टोअरकाका म्हणून सगळे त्यांना ओळखत. छप्पन वर्षांचे, बावीस वर्षं त्याच खोलीत, त्याच लोखंडी कपाटांमध्ये. ते त्या वेळी रबरी वॉशरच्या खोक्यांची नोंद करत होते. अर्ध्या नोंदीत संगणकाचा पडदा पांढरा झाला आणि वर ओळ आली : आपलं खातं सस्पेंड करण्यात आलं आहे. या ओळीचा अर्थ कंपनीत शेंबड्या पोरालाही कळला असता. काकांनी कुणाला फोन केला नाही. उरलेली खोकी मोजून कागदावर लिहून ठेवली, कपाटांना कुलपं घातली, किल्ल्यांचा जुडगा पाकिटात घालून ओळखपत्रासह फाटकावर दिला.

"तुम्हीपण?" फाटकावरच्या वॉचमनने विचारलं.

"मीपण," काका म्हणाले.

त्या दिवशी बारा-तेरा माणसं पिशव्या घेऊन बाहेर पडत होती. त्यात एक वाढला, याचं कुणाला नवल वाटलं नाही. स्टोअरचे साहेब बाहेरगावी होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला चावीबाईला फोन आला. ड्रॉइंग विभागातल्या त्याच नावाच्या माणसाचा.

"मॅडम, मला काल काढलंय. वर बोलावून नीट सांगितलंय. पण माझं खातं अजून चालूच आहे. सकाळी सवयीने उघडलं, तर सोमवारच्या मीटिंगचं बोलावणं आलेलं."

तिने हातातलं काम बाजूला सारलं.

"मुलीचे शाळेचे कागद तिथंच ठेवले होते, ते उतरवून घेतोय. नियमात बसत नसेल तर आत्ता बंद करा. उगीच माझ्यावर बालंट नको."

तिने यादी पुन्हा उघडली. तेच नाव. वरच्या खात्यापुढे 'सस्पेंडेड' लिहिलेलं, खालचं खातं जिवंत.

"किती वेळ लागेल तुम्हाला?" तिने विचारलं.

"पंधरा मिनिटं."

"घ्या उतरवून. साडेतीनला बंद करते."

काकांचं खातं परत सुरू करायला तिला दोन टिचक्या पुरल्या. मग तिने त्यांना फोन लावला. चार वेळा लावला, उचलला नाही. ती वर एचआरच्या मॅडमकडे गेली आणि झालेलं जसंच्या तसं सांगितलं. मॅडमनी कपाळाला हात लावला. "मेल टाका त्यांना ताबडतोब," त्या म्हणाल्या.

"ते आता मेल बघतील कशाला?"

चावीबाईने रेकॉर्डमधून पत्ता उतरवून घेतला आणि पाचची बस धरली.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर तिसरा मजला. दार काकांच्या बायकोने उघडलं. "ऑफिसातून आलात? काही सही राहिली का यांची?" काका आत स्टुलावर बसून कपाटाच्या दाराची बिजागरी बसवत होते. बनियन, चष्मा कपाळावर, तोंडात दोन स्क्रू. तिला बघून त्यांनी स्क्रू काढून मुठीत धरले.

"काका, चूक झाली. माझ्याच हातून झाली. तुमचं नाव यादीत नव्हतंच."

"मग कुणाचं होतं?"

"तुमच्याच नावाचा एक जण ड्रॉइंगमध्ये आहे."

"हो. त्याची मेल कधीकधी चुकून माझ्याकडे यायची." त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. "त्याची मुलगी लहान आहे ना."

तिने येताना बसमध्ये मनाची तयारी केली होती : ओरडतील, तक्रार करीन म्हणतील, दार लावून घेतील. तसं काहीच होईना, तेव्हा तिचाच धीर सुटला. "पण तुम्ही विचारलं का नाही काका? बावीस वर्षांचा माणूस. एक फोन करायचा होता."

"काय विचारायचं?" काका म्हणाले. "चार वर्षं वाटच बघत होतो. रोज सकाळी पासवर्ड टाकला की वाटायचं, आज उघडतंय का बघू. उघडलं की तेवढा दिवस निभावला. काल उघडलेलं मधेच बंद झालं, तेव्हा म्हटलं, चला, सुटलो."

"काल दुपारी झोपले हे," बायको म्हणाली. "आणि परत रात्रीही झोपले. नाहीतर पहाटे तीनपासून टक्क जागे असतात. मी म्हटलं, गेली तर गेली नोकरी, माणूस तरी हाती लागला."

काकांनी स्क्रू खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले. "म्हणजे उद्या यायचंय मला?"

ती हो म्हणाली. एवढी चांगली बातमी एवढ्या ओशाळ्या आवाजात तिने आयुष्यात कधी दिली नव्हती.

घरी जाऊन तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने हातातला जबडा बाजूला ठेवला आणि जेवायला वाढलं. तिने अर्धंच खाल्लं.

काका दुसऱ्या दिवशी साडेसातला कामावर हजर झाले. किल्ल्यांचं पाकीट फाटकावर तसंच होतं, कुणी उघडलंसुद्धा नव्हतं. त्यांनी कागदावरून वॉशरची राहिलेली नोंद पूर्ण केली. चावीबाईला मेमो मिळाला. तिने वाचून सही केली. मग तिने वर एक लांब मेल लिहिलं. क्रमांकाशिवाय यादी घेणार नाही. प्रत्येक नाव दोघांनी तपासायचं. आणि माणसाला समोर बसवून सांगून झाल्याशिवाय त्याचं खातं बंद करायचं नाही. पहिल्या दोन गोष्टी मंजूर झाल्या. तिसरी विचाराधीन राहिली.

चार महिन्यांनी एका दुपारी काका तिच्या टेबलाशी आले. निवृत्तीला दोन वर्षं बाकी होती.

"राजीनामा दिला," ते म्हणाले. "आज शेवटचा दिवस. यादीत येईलच माझं नाव, पण म्हटलं, आपणच जाऊन करून घ्यावं."

तिने त्यांना खुर्ची दिली आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. काकांनी ओळखपत्र काढून क्रमांक मोठ्याने वाचला. तिने तो पडद्यावरच्या क्रमांकाशी ताडून पाहिला, मग शेजारच्या मुलीला बोलावून तिच्याकडूनही पाहून घेतला.

"दाबू?"

"दाबा."

तिने दाबलं. काका पडद्याकडे बघत राहिले.

"एवढंच असतं?"

"एवढंच."

"मागच्या वेळी केवढं मोठं वाटलं होतं." ते उठले, खुर्ची आत सरकवली. मग जाता जाता थांबले. "ताई, तुम्हाला झोप लागते का नीट?"

"कधीकधी."

"कधीकधी म्हणजे नाही," काका म्हणाले, आणि गेले.

त्यांच्या फायली नव्या स्टोअरकीपरच्या नावावर करायला तिला बारा मिनिटं लागली. वॉशर, नट, गॅस्केट, वर्षावार, एकही फाइल नाव नसलेली नव्हती. संध्याकाळी निघण्यापूर्वी तिने त्याच सिस्टिमवर स्वतःचा रजेचा अर्ज भरला. दोन दिवस मागितले. एक मंजूर झाला.