मुहूर्तावर न उडालेलं विमान

“कॅप्टन, मुहूर्त चाल्ला हो! जल्दी इंजिन चालू करा!” बन्सीलालशेठ माझ्या खिडकीवर टकटक करत होते. जालन्याची धावपट्टी, एप्रिलमधली दुपार. मागच्या सीटवर त्यांची नुकतीच लग्न झालेली मुलगी कोमल आणि जावई. शेठजींचा बियाण्यांचा धंदा मोठा. मुलीची पाठवणी विमानातून, तीही राहुकाळ लागायच्या आत करणार, असं त्यांनी सोयऱ्यांना छातीठोकपणे सांगून ठेवलं होतं. सोयरे पट्टीकाठच्या मांडवात बसून वाट बघत होते.

मी चार्टर कंपनीची पायलट. विमान सहा सीटचं, एका इंजिनाचं. मोठ्या जेटपुढे आमची रिक्षाच.

मला वाऱ्याचं लक्षण ठीक दिसेना. पट्टीच्या टोकाची कडुलिंबाची झाडं अंगात आल्यासारखी घुमत होती आणि विंडसॉक मात्र मेल्यासारखा लोंबत होता. विंडसॉक म्हणजे खांबावरची कापडी नळी. वारा कुठून येतोय आणि किती, ते ती फुगून सांगते. विमानांची देखभाल करणाऱ्या आमच्या लाइनमन लोकांनी तिचं नाव पायजमा ठेवलंय.

“तुमचा पायजमा तर गप पडून राह्यला,” शेठजी म्हणाले. “वारं न्हाईच बिलकुल.”

मी खाली उतरले आणि खांबापर्यंत चालत गेले. विमानाची पूजा म्हणून मांडववाल्याने दिसेल त्याला झेंडूच्या माळा घातल्या होत्या. शिडी लावून पायजम्यालासुद्धा. जाडजूड, पाणी मारलेल्या माळा! एवढं ओझं घेऊन तो बिचारा काय फुगणार? त्याच माणसाला पुन्हा वर चढवून मी त्या काढायला लावल्या. पायजमा ताडकन आडवा झाला. मग पडला. मग दुसरीकडे वळून पुन्हा ताठ.

हेच वाईट. विमानाला चाकांचा वेग उचलत नाही, पंखांवरून जाणारी हवा उचलते. समोरून जोराचा झोत आला की विमान वेळेआधीच जमीन सोडतं. आपण खूश. तेवढ्यात झोत ओसरतो, पंखांना हवा पुरत नाही आणि विमान खाली येतं. इतक्या कमी उंचीवर सावरायला जागाच नसते. झोत आडवा असेल तर थेट शेजारच्या नांगरटीत. एकसारख्या वाऱ्याशी जमवता येतं, लहरी वाऱ्याशी नाही.

मी ऑफिसला फोन लावला. साहेब म्हणाले, “पार्टी मोठी आहे. मॅनेज कर.”

“सर, वारा मॅनेज होत नाही.”

“मग शेठजींना तूच सांग.” फोन कट. शूर माणूस!

मला भीती वाटत होती. नोकरीची थोडी, मागे बसलेल्या त्या दोघांची फार.

“शेठजी, आत्ता उडणार नाही,” मी म्हणाले.

“इतका खर्चा केला मी! सोयऱ्यांना काय सांगू?” ते कडाडले. “मुहूर्त टळला तर अपशकुन होतो, माहितंय का तुम्हाला?”

“मग परस्थान ठेवा की.”

ते थबकले. मुहूर्तावर निघता येत नसेल तर आपली एखादी वस्तू त्या वेळी घराबाहेर पुढे नेऊन ठेवायची. म्हणजे निघालो असं धरतात. ही सोय आपल्याच पूर्वजांनी करून ठेवलीय. त्यांनाही कधीतरी वारा आडवा आला असणार.

“बराबर,” त्यांच्या भटजींनी मान डोलवली. “चालतं ते.”

कोमलची बॅग आणि नारळ शेठजींच्या जीपमध्ये ठेवून ती मुहूर्तावर रवाना केली. सोयऱ्यांनी जीपवर अक्षता टाकल्या. जीप फाटकाबाहेर पडते न पडते तोच धावपट्टीवरून वावटळ आली आणि मांडवाचं अर्धं कापड उचलून पट्टीपलीकडे घेऊन गेली. मुहूर्तावर उडालो असतो तर आम्ही तेव्हा नेमके तिथेच जमीन सोडत असतो. शेठजी त्या कापडाकडे बघत राहिले.

उन्हं उतरल्यावर वारा पडला. आम्ही निघालो आणि तासाभरात सुखरूप उतरलो.

शेठजी मात्र अजून माझ्यावर रुसलेले आहेत. संध्याकाळपर्यंत सोयरे जेवून आपापल्या गावी गेले होते, आणि विमान उडताना बघायला उरले होते फक्त भटजी आणि मांडववाला. रुसू देत. लेक-जावई धडधाकट येत-जात आहेत, म्हणून तर त्यांना रुसायला सवड आहे.