व्हीसीआरवरचा रुमाल

भर दुपारी मी टेबलफॅन व्हीसीआरकडे वळवतो आणि स्वतः घामाघूम बसतो. आईने त्याच्यासाठी क्रोशाचा रुमाल विणला होता. मशीन चालू असलं तरी तो काढायचा नाही, आणि खाली ते बिचारं तापायचं. माया करायची म्हणजे झाकून ठेवायचं, एवढंच आमच्या घराला ठाऊक. आई गेल्यावर मी रुमाल काढला आणि वारा खेळावा म्हणून मशीनखाली चार बुचं लावली.

"बाबा, भंगारात द्या आता. कोण ठेवतं हे असलं?" लेक म्हणते.

"मी ठेवतो."

तिच्याच बारशाच्या कॅसेटमध्ये आई पाळणा म्हणायचा सोडून हाच रुमाल सारखा करताना दिसते. तिचा तो हात हलतोय तोवर पंखा तिकडेच राहील.