बेटाचं गोडं पाणी, मुक्काम सावली

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही, ते आपोआप साचतात. आमच्या बडोद्यातल्या सयाजीगंजच्या ऑफिसात काम संपलं की फाइल कपाटात जाते, पण तिच्यातला किस्सा दुपारी डबे उघडले की टेबलावर येतो, आणि दर वेळी थोडा वाढूनच येतो! बेटाच्या फाइलीने तर इतके किस्से दिलेत, की तिला कपाटात ठेवायला अजून कोणी तयार नाही.

मी आमच्या कंपनीत एक्स्पोर्टची कागदपत्रं बघते. मुळात मला एका जागी बसवत नाही, आणि या कामात तर मी खुर्ची फक्त पर्स ठेवायला वापरली. आमचे मालक हसमुखभाई एकदा वैतागून म्हणाले, "मंजिरीबेन, बेसो ने! तमने जोईने मने चक्कर आवे छे!"

पण बसणार कशी? गोष्टच तशी होती. प्रशांत महासागरात एक चिमुकला देश आहे, आम्ही त्याला नुसतं 'बेट' म्हणतो. त्यातल्या एका लांबच्या बेटावर विहिरींत समुद्र शिरला होता. प्यायचं पाणी बोटीने यायचं, तेही बोट आली तर. आपल्या सरकारने मैत्रीखातर त्यांना खाऱ्या पाण्याचं गोडं करणारं मशीन द्यायचं ठरवलं, आणि ते बनवायचं काम बडोद्याजवळ सावली गावी असलेल्या आमच्या कारखान्याकडे आलं. कोरडे महिने लागायच्या आत ते चालू झालं नाही, तर तिथली शाळा बंद करून माणसांना मोठ्या बेटावर हलवायचं ठरलं होतं.

हे आम्हाला सिनाने सांगितलं. सिना तिथली तरुण इंजिनिअर. मशीन चालवायला शिकायला सहा आठवडे बडोद्याला आली होती. तिची आई त्याच बेटावर राहते. "सगळे गेले तरी आई हलणार नाही," सिना म्हणाली होती. "ती बसून राहील."

तेव्हापासून माझं बसणं गेलं.

*

सिनाची सोय ऑफिसजवळच केली होती. पहिल्या सकाळी मी तिला घ्यायला गेले. रस्त्याच्या कडेला एक रिक्षावाला नळाला पाइप लावून रिक्षा धूत होता. म्हणजे रिक्षा केव्हाच धुऊन झाली होती, आता तो पानवाल्याशी गप्पा मारत होता आणि पाइप रस्ता धूत होता.

सिना थांबली. एकटक बघत राहिली. रिक्षावाला अवघडला. "शुं जुओ छो, बेन?"

ती गेली आणि नळ बंद करून आली.

रिक्षावाला मनापासून हसला. "अरे बेन, पाणी तो मफत छे!"

पाणी फुकट आहे म्हणतोय, असं मी तिला इंग्रजीत सांगितलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि अगदी साधेपणाने विचारलं, "मग ही मशीनं तुम्ही कोणासाठी बनवता?"

*

सावलीला सिनाला शिकवायचे दळवीकाका. आमचे फोरमन. त्यांचे आजोबा संस्थानच्या नोकरीसाठी नगरहून बडोद्याला आले, पण काका अजून 'आमच्या नगरकडे' असंच बोलतात. इंग्रजी बेताचं. सिनाला ते मराठी, गुजराती आणि हातवारे मिसळून शिकवायचे, आणि तिला सगळं कळायचं.

कुठलंही मशीन निघायच्या आधी काका त्याला हळदकुंकू वाहतात आणि नारळ फोडतात. त्या दिवशी कच्छला एक मशीन निघालं होतं. काकांनी नारळ उचलला, आणि सिना किंचाळली, "वेट! वेट!" कोणाला काही कळायच्या आत तिने काकांच्या डब्यातली आमटीची वाटी रिकामी करून नारळाखाली धरली.

तिच्या बेटावर कोरड्या दिवसांत नारळाचं पाणी आधी आजाऱ्यांना आणि लहान मुलांना देतात. ते कोणी जमिनीवर ओततं, हे तिने आयुष्यात पाहिलं नव्हतं.

काकांनी समजावलं, "पहिलं पाणी मशीनच्या पायाशी सांडायचं. मग मशीन आपलं होतं."

"सांडल्याशिवाय आपलं होत नाही?"

काकांनी नारळ वाटीवर धरून फोडला, एक थेंब खाली पडू दिला नाही. तेव्हापासून एक स्टीलची वाटी पूजेच्या सामानातच ठेवलेली असते.

हसमुखभाईंनी चिडवलं, "दळवी, हवे भगवान वाटकीमां पीशे?"

हसमुखभाईंचं 'होऊन जाईल' हे उत्तर कारखान्यात कशालाही असतं. काकांनी तेच त्यांना परत केलं. "थई जशे, साहेब!"

*

सिना परत गेली, आणि दर सोमवारी तिची एका ओळीची मेल यायला लागली. "निघालं का?"

निघणार कसं? आधी बेटाच्या दोन खात्यांची संमती हवी होती, परराष्ट्र आणि पाणीपुरवठा. मी दोघांना पत्रं पाठवली. परराष्ट्र खात्याने लगेच कळवलं, "आमची हरकत नाही. पाणी खात्याला विचारले आहे." दोन दिवसांनी पाणी खात्याचं उत्तर, "आमचा आक्षेप आहे. परराष्ट्र खात्याने आम्हाला विश्वासात घेतलेले नाही." दोन्ही पत्रांखाली सही एकच!

देश एवढासा, त्यामुळे दोन्ही खात्यांचे सचिव एकच गृहस्थ होते. मशीनची तपासणी करायला ते सावलीला आले तेव्हा मला राहवलं नाही. विचारलं, "साहेब, तुमच्या दोन खात्यांत फार मतभेद आहेत का?"

"फार!" ते गंभीरपणे म्हणाले. "ऑफिसात मिटतच नाहीत. घरी गेल्यावर बायको मिटवते."

*

हा पुढचा किस्सा माझ्या मूर्खपणाचा. हसून सांगते, पण आजही सांगताना उठून उभी राहते.

दिल्लीच्या एका पोर्टलवर फॉर्म भरायचा होता. त्यात एक रकाना, 'माल जेथे जाणार तेथील जवळचे रेल्वे स्थानक'. रिकामा सोडला, लाल झाला. 'लागू नाही' लिहिलं, लाल झाला. यादीतलंच एखादं स्टेशन निवडायचं होतं, आणि त्या समुद्रात रेल्वे कुठली! हसमुखभाई म्हणाले, "कांई पण नाखो ने, बेन, थई जशे!" काहीही टाका! खिडकीतून जे स्टेशन दिसत होतं तेच मी निवडलं. वडोदरा जंक्शन. रकाना हिरवा झाला आणि मी चहाला गेले.

पंधरा दिवसांनी दिल्लीहून पत्र. "वडोदरा येथे माल उतरल्यावर तो बेटाच्या वतीने कोण ताब्यात घेणार? तसेच वडोदरा येथे समुद्र नेमका कोठे आहे, याचा खुलासा करावा."

खुलाशात महिना गेला. सिनाचे चार सोमवार आले आणि चारही वेळा मी "कागद फिरतायत" असं उत्तर दिलं. पाचव्या सोमवारी मला माझीच लाज वाटली आणि मी खरं ते लिहून टाकलं. वाटलं, आता शिव्या येणार.

तिचं उत्तर आलं, "घरं मोजायला सरकारी माणसं येऊन गेली. आईने त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. नाहीतरी कुठून विचारणार होती!"

त्या दिवशी मी ऑफिसातून घरी चालत गेले. रिक्षात बसवेना.

*

बेटाला मदत करणारे काय आपण एकटेच होतो? धक्का एका देशाने बांधला, मशीनसाठी शेड दुसऱ्याने, समुद्रातून पाणी आणणारा पाइप तिसऱ्याने आणि सोलर पॅनेल चौथ्याने. आणि प्रत्येकाचा मैत्रीचा फलक शेडच्या भिंतीवर. दिल्लीने विचारलं, आपला फलक कुठे लागणार? मी सिनाला विचारलं. ती म्हणाली, भिंती भरल्या, फक्त दाराची आतली बाजू रिकामी आहे.

म्हणजे दार लावलं तरच फलक दिसणार, आणि तोही आत असलेल्यालाच!

मी तसं कळवलं. दिल्लीचं उत्तर आलं, "उद्घाटनप्रसंगी सर्व मान्यवरांना आत घेऊन दार बंद करावे."

*

शेवटी मशीन निघालं. काकांनी वाटीत नारळ फोडला आणि त्या सोमवारच्या मेलला मी एका शब्दाचं उत्तर दिलं, "निघालं!" त्यानंतर दर सोमवारी मीच तिला विचारायला लागले, "पोचलं का?"

पोचलं, आणि नवीन भानगड! तिसऱ्या देशाच्या पाइपचं तोंड आपल्या मशीनला बसेना. त्यांचे इंजिनिअर कधीच परत गेलेले, ड्रॉइंग त्यांच्या भाषेत. काका म्हणाले, माप पाठव. सिनाने फोटो पाठवला, पाइपच्या तोंडावर तिचा पंजा पसरलेला. बेटावरची एकुलती एक टेप सचिवांकडे होती, आणि सचिव त्या दिवशी परराष्ट्र खात्यात होते!

मी डोक्याला हात लावला. कोरडे महिने दारात आले होते. काका मात्र उठले आणि स्टोअरमधून एक पुठ्ठा घेऊन आले. सिना सावलीला असताना तिच्या मापाचे हातमोजे मिळत नव्हते, म्हणून काकांनी तिचा पंजा पुठ्ठ्यावर पेन्सिलीने काढून घेतला होता. त्यांनी पुठ्ठ्यावरचं बोट मोजलं, फोटोतलं बोट मोजलं, कागदावर थोडं गणित केलं आणि जोडायचा तुकडा बनवायला घेतला.

"काका, एक सूत इकडेतिकडे झालं तर?"

"तिचा हात आहे तो," काका म्हणाले. "सहा आठवडे बघितलाय."

तुकडा कुरिअरने गेला. तो पोचल्यानंतरच्या सोमवारी, मी विचारायच्या आधीच, सिनाची मेल आली. "बसला!"

*

मशीन चालू करून द्यायला काका स्वतः जाणार होते. बेटाचा व्हिसा सचिवांनीच दिला, दहा मिनिटांत, व्हॉट्सॲपवर. सोबत निरोप, "लोणचं आणा." पण वाटेत एका देशात विमान बदलायचं होतं. तिथे बाकावर तीन तास बसायचं, एवढंच. त्यांनी काकांना परवानगी नाकारली. अर्जदार परत जाईल याची खात्री वाटत नाही म्हणे!

"त्या बाकावर राहून मी काय करणार होतो?" काका म्हणाले. हसायला म्हणून म्हणाले, पण त्यांना लागलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा पासपोर्ट काढला होता त्यांनी.

दळवीकाकू बॅग रिकामी करत होत्या. इस्त्रीचे शर्ट, नट आवळायचे पाने, लोणच्याची बरणी, आणि टॉवेलात गुंडाळलेला एक नारळ.

"अहो, तिथे नारळांचीच बनं आहेत!"

"असतील," काका म्हणाले. "पण सावलीचा नाही ना एकही."

*

मग व्हिडिओ कॉलवरच चालू करायचं ठरलं. आपल्याकडे सकाळचे सात, त्यांच्याकडे टळटळीत दुपार. सावलीला टूलबॉक्सला टेकवून फोन ठेवला आणि त्याच्यासमोर काका स्टुलावर बसले. मागे अख्खी शिफ्ट. हसमुखभाईसुद्धा आले होते आणि त्या दिवशी एकदाही 'थई जशे' म्हणाले नाहीत. मी येरझाऱ्या घालत होते, मला कोणी बस म्हणालं नाही.

फोनमध्ये शेड, शेडभोवती गाव. बोट दहा दिवस आली नव्हती. सिनाने हातमोजे घातले, सावलीचेच. काका सांगत होते, "व्हॉल्व्ह हळू. आणखी अर्धा फेरा. थांब. आता आवाज ऐकव." तिने फोन मशीनला लावला. काकांनी डोळे मिटून ऐकलं. "चालशे!"

नळातून आधी फसफस आली, मग धार. सिनाने खारटपणा मोजायचा मीटर बुडवला, आकडा दाखवला. काका म्हणाले, "गोडं आहे. पी."

सिना प्यायली नाही. तिने काचेचा ग्लास काठोकाठ भरला आणि गर्दीतल्या एका म्हाताऱ्या बाईच्या हातात दिला. तिची आई. आम्ही कोणी तिला कधी पाहिलं नव्हतं, पण सांगावं लागलं नाही.

म्हातारीने ग्लास दोन्ही हातांत धरला. उन्हात धरून पाहिला. सिना तिच्या कानाशी वाकून काहीतरी म्हणाली. म्हातारीने मान हलवली, सावकाश मशीनपर्यंत चालत गेली आणि अख्खा ग्लास त्याच्या पायाशी ओतला!

आणि आमचे दळवीकाका स्टूल पाडून उठले आणि फोनवर ओरडले, "अहो, वाटी! वाटी धरा कोणीतरी!"