आबांनी दिलेलं कॉर्नेट

आबा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी गच्चीवर शेवया वाळत घालत होते. हात तसेच पिठाचे राहिले... नव्वदीतला माणूस, झोपेत गेला, सोनं झालं, असं सगळे म्हणाले. त्याला आता महिना होत आला.

आबा म्हणजे माझे औंधचे चुलते. पलटणीच्या बँडमध्ये ते कॉर्नेट वाजवायचे. ट्रम्पेटसारखंच, पण आखूड पितळी वाद्य. ते त्यांना बँडमधल्या त्यांच्या उस्तादांनी दिलेलं, आणि उस्तादांकडे त्यांच्याही आधीच्या वादकाकडून आलेलं. आबा गावी परतले आणि थोड्याच दिवसांत बैलाचं शिंग लागून त्यांचे पुढचे दात गेले. दातांशिवाय फुंक धरत नाही. कॉर्नेट ट्रंकेत गेलं, आणि घरात कुणी त्याचं नावही काढेना.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आम्ही सांगलीला विश्रामबागेत राहायचो. शाळेत बँड निघाला. ढोल आले, बासऱ्या आल्या, पण मैदानभर ऐकू जाईल असं सुराचं एकही वाद्य नव्हतं. दिवाळीत औंधला गेल्यावर मी आबांना सरळच विचारलं. वडील गोरेमोरे झाले. काकी म्हणाल्या, "आवं, पोर हाय ती. कुटंतरी आपटंल."

आबा उठले, ट्रंक उघडली. "आपटू दे. ट्रंकंत काय सूर निघतोय व्हय?"

स्वतः वाजवून दाखवता येत नव्हतं, म्हणून माझ्या तोंडासमोर तळहात धरून ते फुंक जोखायचे. सबंध सुट्टी त्यातच गेली.

आणि परत येताना एसटीच्या टपावरून कॉर्नेटची पेटी पडली. कर्णा चेपला. निरोप मिळताच आबा सांगलीत हजर. चेपलेल्या जागेवरून त्यांनी अंगठा फिरवला, मग म्हणाले, "फुंक बघू."

मी हुंदके देत फुंकलं.

"वाजतंय न्हवं? मग रडतीस कशापायी? माझ्या हातनं बी पडलं हुतं. उस्ताद लय वरडले. तवाच ठरिवलं, आपून कुणाला वरडायचं न्हाई."

सव्वीस जानेवारीला मी बँडच्या पुढं उभी होते. आबा कुंपणापाशी. माझ्या सुरांबरोबर त्यांची बोटं स्वतःच्याच मनगटावर कळा दाबत होती.

शाळा संपल्यावर परत द्यायला गेले तर आबा हसले. "मला कशाला? दात उगवल्यात व्हय माझं?" त्या कॉर्नेटमुळेच मी पुढं संगीताची शिक्षिका झाले. माझ्या वर्गात कितीतरी पोरांच्या हातून वाद्यं पडली. मी कुणावर ओरडले नाही. हे आबांचंच.

अलीकडे त्यांना औंधहून निघणं होईना. मग रविवारी सकाळी त्यांचा फोन यायचा, मी वाजवायची, ते ऐकायचे. बोलणं फारसं नसे. ते गेल्यावर मी वाद्याला हातच लावला नव्हता.

गेल्या रविवारी त्याच वेळेला फोन वाजला. काकी होत्या.

"ह्ये न्हाईत म्हणून बंद केलंस व्हय गं? मी बी ऐकत हुते की इतकी वर्सं."

मी फोन टेबलावर ठेवला आणि कॉर्नेट ओठांना लावलं.