भांगाच्या दिवशी काय भरायचं?

नागोराव गिराम यांना जन्मभर एकच काम मनापासून जमलं, ते म्हणजे माणसं अडवणं. परभणीकडून तरुणपणी आले ते बिजलीघराच्या वसाहतीचं बांधकाम चालू होतं तेव्हा. ठेकेदाराकडे हजेरी घ्यायला लागले. पुढे कुंभवलीजवळच्या एका रंगाच्या कारखान्यात गेटवर बसले आणि तिथे त्यांनी नाव कमावलं. पास नसेल तर नागोराव साक्षात मालकाच्या मेव्हण्यालाही आत सोडत नसत. मेव्हणा शिव्या देऊन गेला, मालकानं बोलावून झापलं, तरी दुसऱ्या दिवशी नागोरावांचं पुन्हा तेच, ‘पास दाखवा.’

तो कारखाना बसला आणि नागोरावही घरी बसले. घरी बसलेला गेटवाला म्हणजे घरच्यांच्या डोक्याला ताप. गोजराबाई, त्यांची बायको, म्हणायची, ‘आवं, जरा भाईर जाऊन या. मला सैपाकघरात जायला बी पास लागंल असं वाटायलंय.’ अशा वेळी दिनानाथ चुरी त्यांना शोधत आला. हा चिंचणीचा पोरगा कॉम्प्युटर शिकून बोईसरला दोन खोल्यांत स्वतःची कंपनी चालवत होता. कारखान्यांच्या कोठारांचे आणि बर्फाच्या फॅक्टऱ्यांचे हिशेब ठेवायचे प्रोग्रॅम तो बनवायचा. गिऱ्हाइकांच्या अडचणींसाठी त्यानं एक सोय केली होती. गिऱ्हाइकानं आपल्या कॉम्प्युटरवरून कंपनीच्या फोनला फोन लावायचा, यंत्र किंचाळायचं, आणि मग पडद्यावर एक बोर्ड उघडायचा. त्यावर आपला प्रश्न लिहायचा, दुसऱ्यांचे वाचायचे. सगळे त्याला नुसतं ‘बोर्ड’ म्हणत.

‘काका, रंगाच्या कारखान्यात शिकाऊ होतो तेव्हा तुम्ही मला गेटवरून किती वेळा परत पाठवलंत!’ दिनानाथ म्हणाला. ‘मला तोच माणूस पाहिजे. हा बोर्ड पण गेटच आहे. बटणं मी शिकवतो.’

गेट कसलं, उघडी धर्मशाळा होती ती! अडचण विचारायची सोडून लोक वाट्टेल ते लिहीत. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत, म्हणजे वाचताना डोळे फुटायची वेळ. कुणाला लुना विकायची होती. कुणाला मेहुणीसाठी स्थळ पाहिजे होतं, मुलगा शक्यतो बिजलीघरातला. पालघरचा एक महाभाग रोज सकाळी विनोद टाकायचा आणि दुपारी तोच पुन्हा टाकायचा. बेटेगावचा एक स्टोअरकीपर फोन जोडलेला ठेवून जेवायला जायचा, आणि फोनची लाइन तर एकच! तो भाकरी खाऊन ढेकर देईपर्यंत बाकीची सारी गिऱ्हाइकं बाहेर ताटकळत. एकदा एका मोठ्या कंपनीच्या साहेबानं मोठ्या हौसेनं बोर्ड उघडला, तर समोर काय, ‘गाभण म्हैस विकणे आहे, शिंगं आखूड.’ साहेब दिनानाथवर उखडला, दिनानाथ नागोरावांवर.

‘काका, कडक व्हा. प्रोग्रॅम सोडून दुसरं काही दिसलं की पुसा. दोनदा सांगून ऐकलं नाही तर नाव बंद करा.’

नाव बंद केलं की तो माणूस फोन लावून थकला तरी बोर्ड उघडत नसे. नागोरावांच्या हातात पुन्हा गेट आलं. स्थळं गेली, लुना गेली, म्हैस गेली. विनोदवाल्याचं नाव बंद केलं त्या दिवशी त्यांनी घरी येऊन दोन भाकरी जास्त खाल्ल्या. पण लोक कुठले सुधारताहेत! म्हैसवाला दुसऱ्याच्या नावानं आत शिरून रेडकू विकायला लागला. नागोराव कपाळाला हात लावून म्हणत, ‘ह्या लोकांला कामून कळंना गा? आंधळं दळतंय अन् कुत्रं पीठ खातंय!’

अशा कावलेल्या मनःस्थितीत त्यांनी एके दिवशी चिंचणीहून आलेला मजकूर वाचला. लिहिणारी पुष्पलता पागधरे. मच्छीमार सोसायटीच्या बर्फाच्या फॅक्टरीत कॉम्प्युटरवर बसणारी मुलगी. एरवी मोजकं लिहायची. आज लिहिलं होतं, ‘उद्यापासून भांग. सगले घरीच. कॉम्प्युटर इचारतो कमी का. भांगाच्या दिवशी काय भरायचं?’

नागोरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. उद्यापासून भांग! सगळे घरीच! आणि वर विचारते, काय भरायचं! लोटा भर बाई, दुसरं काय भरणार? नागोरावांच्या गळ्यात माळ होती. चहा सोडून कसलं व्यसन त्यांना ठाऊक नव्हतं. ‘अन् भांगाच्या म्हणं! भांगंच्या म्हणावं, येवढं बी व्याकरण नाही,’ असं पुटपुटत त्यांनी मजकूर पुसला. खाली ताकीद लिहिली, ‘असला मजकूर लिहू नये.’

दुसऱ्या दिवशी पुन्हा. ‘कसला मजकूर? आज भांगच हाय. काय भरायचं ते सांगा ना.’

म्हणजे ऑफिसात बसून, दिवसाढवळ्या! नागोरावांनी तिचं नाव बंद केलं. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण गेटवर जन्म गेलेल्या माणसाला वाटतं, आपण अडवलेल्याची खबर वरही गेली पाहिजे. त्यांनी सोसायटीच्या चेअरमनना, एकनाथ तांडेलांना, फोन लावला.

‘तुमच्या ऑफिसातून आमच्या बोर्डावर नशापाण्याचा मजकूर येतोय, साहेब. तो बी बाईमाणसाकडून.’

‘आमच्या पुष्पलतानं? काय लिवलं तिनं?’

‘तो शब्द माझ्या तोंडातून यायचा नाही. माळकरी माणूस आहे मी. तुमीच काय ते बघा.’

हाच तो मूर्खपणा! तो एक शब्द उच्चारला असता तर एकनाथ फोनवरच पोट धरून हसले असते आणि गोष्ट तिथेच संपली असती. पण नागोरावांच्या सोवळ्या जिभेनं शब्द अडवला आणि बदनामी तेवढी पुढे सोडली. नेमकं त्याच साली चिंचणीच्या बायांनी हातभट्टीची मडकी फोडली होती, एकनाथ त्यांच्या बाजूनं उभे राहिले होते, आणि मडकी फोडणाऱ्यांत सगळ्यांच्या पुढे होती पुष्पलताची आई, शकू. आता तिच्याच मुलीचं नाव नशापाण्यात! एकनाथांनी पुष्पलताला घरी बसवलं. रविवारी पंचांची बैठक, तिथे तिच्या खुर्चीचा निकाल. एका पंचाचा भाचा त्या खुर्चीसाठी टपलेलाच होता.

पुष्पलतानं कंपनीत फोन केला होता. नागोरावांनीच उचलला.

‘काका, मी काय लिवलं ते तरी सांगा. इथं कोन सांगत नाय.’

‘नाव बंद म्हंजे बंद,’ असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. गेटवर हुज्जत घालणाऱ्यांशी ते असंच वागत आले होते, आणि त्यांना त्यात काही चुकल्यासारखं वाटलं नाही.

आता नागोरावांच्या घरचं सांगायला पाहिजे. माळ नागोरावांच्या गळ्यात होती, गोजराबाईच्या नव्हे. इथे आल्यावर ती मुलांसाठी म्हणून मासळी करायला शिकली आणि मग स्वतःही चवीनं खायला लागली. वेगळी चूल, वेगळी भांडी, सगळं नीट. मासळीवाली दारात आली की नागोराव आतल्या खोलीत जाऊन रेडिओ मोठा करायचे. इतकी वर्षं दारात येणारी मासळीवाली म्हणजे शकूच. नागोरावांनी तिचं तोंडही कधी धड पाहिलं नव्हतं.

त्या शनिवारी शकू आली तेव्हा वीज गेली होती, त्यामुळे रेडिओ मुका. नागोराव आतल्या खोलीत पंख्याकडे बघत वैतागून बसले होते आणि दारातलं बोलणं सरळ कानावर येत होतं.

‘किती दिवसांनी आलीस गं? अन् पाटीत हे येवढंच?’ गोजराबाई म्हणाली.

‘भांग हाय ना वयनी. मावरं कुठून येल?’

नागोरावांचे कान टवकारले. मावरं म्हणजे मासळी, एवढं त्यांना ऐकून ऐकून ठाऊक होतं. पण भांग? बरोबरच आहे म्हणा, सगळं गावच लागलंय नादाला!

‘व्हय की, अष्टमी आली न्हाई का,’ गोजराबाई अगदी सहज म्हणाली. ‘पाण्याला वढ नसंल.’

‘वड नाय तर डोलीच्या जाल्यात काय घावतं? समदे घरी बसून जाली शिवतात. बरफ पन कोन नेत नाय. आन माझी पोर तर कायमची घरी बसायची पाली आली वयनी.’ इथे शकूचा आवाज फुटला. ‘बोईसरला कोन मेला बसलाय कॉम्प्युटरवाल्याकडं, त्यानं चेअरमनला सांगितलं, तुमची पोर नशापानी लिवते. मी भट्ट्या फोडल्या आन माझीच पोर? उद्या पंच बसनार. काय लिवलं ते पन सांगत नाय भाड्या!’

आतल्या खोलीत नागोराव उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले. मग जे या घरात कधी झालं नव्हतं ते झालं. ते मासळीच्या पाटीपुढे येऊन उभे राहिले.

‘भांग म्हंजे काय?’

शकूनं पदर सारखा केला आणि गोजराबाईकडे पाहिलं. गोजराबाई म्हणाली, ‘आवं, पाण्याचा भांग. उधाण कसं असतं, त्येच्या उलटं. भरती येतीया पन नुसती नावाला. बोटी जात न्हाईत मग. समद्या गावाला ठावं हाय की.’ बोलता बोलता तिचं लक्ष नवऱ्याच्या तोंडाकडे गेलं आणि ती थबकली. ‘आवं... तो कॉम्प्युटरवाल्याकडला मेला म्हंजे... तुमी?’

नागोराव पाटीशेजारी खालीच बसले. भांगाच्या दिवशी काय भरायचं. अरे देवा, पोरगी विचारत होती की बोटी जात नाहीत, बर्फ खपत नाही, आणि प्रोग्रॅम मेला विचारत राहतो बर्फ कमी का, तर त्या रकान्यात काय भरायचं! आख्ख्या बोर्डावर महिन्याभरात आलेला तेवढाच एक सरळ कामाचा प्रश्न होता, आणि नेमका तोच त्यांनी पुसला होता.

‘समुद्राकाठी येवढी वर्सं काढली,’ गोजराबाई कपाळावर हात मारून म्हणाली, ‘अन् मानूस कोरडा तो कोरडाच!’

शकू रडायची थांबली होती. तिनं पाटी डोक्यावर घेतली आणि जाताना एवढंच म्हणाली, ‘उद्या दुपारी बैठक हाय. या तुमी.’

रविवारी नागोराव एस.टी.नं चिंचणीला गेले. आयुष्यात प्रथमच ते पासाशिवाय कुठल्या फाटकापुढे उभे होते. बर्फाच्या फॅक्टरीतून गार वारा येत होता, जाळ्यांचा आणि सुक्या बोंबलांचा वास होता, आणि रुमाल नाकाला लावायची त्यांची छाती होत नव्हती. आत पंच बसले होते. भिंतीला टेकून पुष्पलता उभी होती, बारीक चणीची, ओठ घट्ट मिटलेली. शकू दाराशी.

‘बोला,’ एकनाथ म्हणाले. ‘काय लिवलं होतं पोरीनं?’

नागोरावांनी माळेला हात लावला. ‘भांग,’ ते म्हणाले.

कुणालाच काही कळलं नाही.

‘तिनं लिहिलं, उद्यापासून भांग. मला वाटलं, ती प्यायची भांग.’

मग एका म्हाताऱ्या पंचाला ठसका लागला, आणि त्या ठसक्यातून जे हसू फुटलं ते बाहेर बर्फ फोडणाऱ्यांपर्यंत गेलं. एकनाथ डोळे पुसत म्हणाले, ‘काका, मंग तर आख्खा दर्याच नशेत! म्हयन्यातनं दोनदा पितो तो!’ टपलेल्या भाच्याचा मामाही हसला, त्याला हसावंच लागलं. पुष्पलताची खुर्ची तिथल्या तिथे तिला परत मिळाली. कुणी तरी नागोरावांना चहा दिला.

पुष्पलता हसली नाही. ती पुढे येऊन म्हणाली, ‘मी फोन केलेला काका. काय लिवलं ते इचारलं. तुमी ठेवून दिलात.’

‘चुकलं पोरी.’

‘तुमाला शब्द ठाव नव्हता, त्याचं काय नाय. तुमी मला इचारायला पायजे होतं. चार दिस माझी आई बाजारात खाली मान घालून बसली.’

नागोरावांच्या हातातला चहा तसाच राहिला. आयुष्यभर ते माणसांना विचारत आले होते, पास आहे का, नाव काय, काम काय. आणि विचारायला पाहिजे होतं तेव्हाच त्यांनी तोंड मिटलं होतं. त्यांना स्वतःचाच इतका संताप आला की परतीच्या एस.टी.त त्यांनी सुट्ट्या पैशांवरून कंडक्टरशी उगाच भांडण केलं.

सोमवारी त्यांनी पुष्पलताचं नाव उघडलं. दिनानाथला सगळं सांगितलं. तो चिंचणीचाच पोरगा, भांग त्याला पाळण्यापासून माहीत, आणि प्रोग्रॅम करताना तोच विसरला होता! त्यानं डोकं धरलं आणि बर्फाच्या हिशेबात भांगासाठी एक रकाना घातला. बोर्ड मात्र होता तसाच राहिला. बेटेगाववाला अजून जेवायला जात होता, म्हैसवाला आता रेडकावरून वासरावर आला होता, आणि नागोराव अजून चरफडत होते. फरक इतकाच की पुसण्याआधी ते लिहिणाऱ्याला विचारू लागले, आणि त्यापायी त्यांचं काम दुप्पट झालं.

पुष्पलताचं नाव उघडं होतं, पण ती बोर्डावर येत नव्हती. रोज सकाळी नागोराव आधी तिचं नाव शोधायचे. नसायचं. गोजराबाई विचारायची, ‘आली का?’ ते म्हणायचे, ‘न्हाई.’

मग एका सकाळी त्यांनी घरच्या पंचांगात तिथी मोजून, स्वतःच्या हातानं, बोर्डावर सगळ्यांत वरती लिहिलं, ‘आज भांग. बर्फवाल्यांनी नवा रकाना भरावा.’ लिहून झाल्यावर त्यांना जरा बरंही वाटलं.

दुपारी यंत्र किंचाळलं. खाली एक ओळ उमटली. नाव, पुष्पलता पागधरे.

‘काका, आज पाण्याला वड हाय. भांग परवापासून. इचारून लिवत जा.’

नागोरावांनी आपली ओळ पुसली. तिची तेवढी ठेवली.