बिळात मारायची पांढरी भुकटी

त्या वर्षी येळ्ळुरात घराघरांतून उंदीर मरून पडू लागले आणि प्लेगच्या भीतीनं दोन दिवसांत सगळं गाव माळावरच्या झोपड्यांत गेलं. शाळाही तिथंच, एका आंब्याखाली. मी बावीस वर्षांचा, नवाकोरा मास्तर. बेळगावहून प्लेगचे इन्स्पेक्टर पंप आणि पत्र्याचे डबे घेऊन आले. "मराठी-कानडी दोन्ही येणारा माणूस पाहिजे," असं ते म्हणाले मात्र, मी उठून उभाच राहिलो!

डब्यात सायनाइडची भुकटी होती. सायनाइड! हा शब्द मी फक्त पुस्तकात वाचला होता. भुकटी पंपानं बिळात मारायची. ओल लागली की तिच्यातून विषारी वायू सुटतो आणि उंदीर पिसवांसकट आतल्या आत खलास.

"माणूसही तसाच मरतो," इन्स्पेक्टर म्हणाले. "कडू बदामासारखा वास आला की श्वास धरून बाहेर पळायचं."

कडू बदाम मी जन्मात हुंगला नव्हता. तरी मान डोलावली.

"गल्लीतली घरं रिकामी आहेत ना?"

मी दारांवरची कुलपं बघत गेलो आणि सांगितलं, "सगळी रिकामी."

पहिल्या घरात इन्स्पेक्टरांच्या गड्यानं पंपाचा दांडा दाबला. मी बाहेर उभा होतो, तर शेजारच्या भिंतीच्या बुडातून पांढरा धुरळा फुस्सकन वर आला! मी चिखलाचा गोळा घेऊन धावलो, भोक लिंपलं. तोवर पलीकडच्या गोठ्यातून धुरळा. तिकडं धावलो. मग तिसऱ्या घराच्या जोत्यातून! माणसांनी भिंती घालून घरं वेगळी केली होती, पण खाली उंदरांनी सगळी गल्ली एक करून टाकली होती. मला तर हसूच फुटत होतं, इतकी मजा वाटत होती.

आणि चौथ्या घरातून खोकला ऐकू आला.

पुढच्या दाराला कुलूप. मी मागं पळालो, तर परसदार उघडं. स्वयंपाकघरात चुलीजवळ एक म्हातारी आक्का भिंतीला धरून उभी होती. अंड्यावर बसवलेल्या कोंबडीला दाणे घालायला ती रोज गुपचूप माळावरून येत असे. तिच्या पायाशीच बिळातून धुरळा येत होता.

"आक्का, चला भाईर!"

"गरगरतंय रं मास्तरा," म्हणत ती खालीच बसली.

मी तिच्या काखेत हात घातले. माझं डोकं ठणकायला लागलं, छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं झालं. परसदारातून इन्स्पेक्टर ओरडले, "मास्तर, वास येत नाही का? बाहेर!"

"कसलाच वास न्हाय ओ!"

नाकाला रुमाल लावून ते आत घुसले. दोघांनी तिला ओढत चिंचेखाली मोकळ्या वाऱ्यात आणलं. त्यांनी औषधाची काचेची बारीक नळी रुमालात फोडून तिच्या नाकाशी धरली. तिचा श्वास अडखळत होता. मी तिचा हात धरून नुसता बघत राहिलो. 'सगळी रिकामी' म्हणणारा मीच होतो. मग तिला भडभडून उलटी झाली, डोळे उघडले आणि ती म्हणाली, "मास्तरा, कोंबडी बघ की रं."

कोंबडी मेली होती. आक्का वाचली.

"काही माणसांना हा वास कळतच नाही," इन्स्पेक्टर मला म्हणाले. "तुम्ही त्यातले. पुन्हा आत पाऊल टाकायचं नाही."

माळावर परतलो. भाकरी हातात तशीच धरून दहा जणांना दहा वेळा हकिगत सांगितली.

दुसऱ्या दिवसापासून माझं काम बदललं. पंप लावण्याआधी प्रत्येक घराची पुढची-मागची दारं उघडून बाहेरूनच हाका मारायच्या. चार दिवसांनी आक्का आपणहून माझ्याबरोबर आली. माझा आवाज तिला पटेना. कमरेवर हात ठेवून ती दारादारात ओरडायची, "कोन हाय का आत? भाईर या, न्हायतर मरशीला!"