चढावरचं वळण आणि दोन खोल्या

गाडी शिकवणाऱ्या आमच्या बाईंना सगळे शिकाऊ थांबाबाई म्हणतात. तोंडावर म्हणत नाहीत, पण त्यांना ते ठाऊक आहे. "थांबा" म्हणताना त्यांचा आवाज जराही चढत नाही, तरी ऐकणाऱ्याचा पाय आपोआप ब्रेकवर जातो. त्यांचे यजमान सांगतात, "घरी दूध उतू जाताना ही दुधालाही तसंच थांबा म्हणते, आणि ते ऐकत नाही याचं तिला मनापासून आश्चर्य वाटतं."

मी त्यांच्याकडे शिकायला गेले ती अडुसष्टाव्या वर्षी. मिस्टर गेल्यापासून त्यांची गाडी फाटकाशी उभी होती. मुलगा फोनवर म्हणायचा, "विकून टाक ना आई." मी हो हो म्हणत राहिले आणि शिकवणीला नाव घातलं.

पहिल्या दिवशी बाईंनी मला गाडीत बसूच दिलं नाही. माझ्या पायांकडे बघून म्हणाल्या, "मावशी, चपला मजबूत आहेत ना? मग चला." परीक्षेचा सबंध रस्ता त्यांनी मला पायी फिरवला. गोल चौक, शाळेपुढचा सरळ पट्टा, मग ते चढावरचं वळण. जागोजागी उभं करून एकच विचारायच्या, "इथून काय दिसतंय? आणि काय दिसत नाहीये?" येईल त्या प्रत्येकाला त्या असंच चालवतात, वकील असो की भाजीवाली. पायांना रस्ता माहीत झाला की हातांची घाई कमी होते, असं त्यांचं म्हणणं.

मला मात्र त्या चढानं हरवलं. माझा डावा गुडघा क्लच धरून ठेवीना. परीक्षेत दोनदा तिथेच गाडी बंद पडली, तिसऱ्यांदा मी गेलेच नाही. गाडी विकली. बाई उरलेल्या धड्यांचे पैसे परत द्यायला घरी आल्या, ते मी घेतले नाहीत, चहा मात्र पाजला. तेव्हापासून दर गुरुवारी दुपारी दोन धड्यांच्या मधल्या वेळात त्या येतात. चार वाजता म्हणजे चार वाजता.

त्या गुरुवारांत मला बाई कळल्या. लहानपणी त्यांनी अकरा भाड्याची घरं बदलली. वडिलांची बदली व्हायची म्हणून नव्हे, तर प्रत्येक मालकाला कधी ना कधी घर परत हवं असायचं म्हणून. "मावशी, मला अजून खिळा ठोकताना भीती वाटते. वाटतं, कुणीतरी ओरडेल." म्हणून त्यांनी ठरवलेलं होतं: पंचावन्नाव्या वर्षापर्यंत तीन घरं. एक राहायला, दोन भाड्याने द्यायला. एकाच्या भाड्यात किराणा, दुसऱ्याच्या भाड्यात औषधपाणी, आणि मुलीपुढे हात पसरायचा नाही. पहिलं घर झालं होतं. त्या आता सत्तेचाळीस वर्षांच्या होत्या, आणि दुसऱ्याच्या पहिल्या हप्त्याइतकी पुंजी नऊ वर्षांत जमली होती.

गेल्या वर्षी दोन गोष्टी एकदमच आल्या. चढावरच्या वळणालगत, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या विकायला निघाल्या. भाव बरा होता, कारण मालकीणबाईंना घाई होती. त्यांनी महिन्याची मुदत दिली. आणि त्याच आठवड्यात मेकॅनिकने शिकवणीच्या जुन्या गाडीचं बॉनेट लावून हात पुसले. इंजिनाचं काम केलं तर कशीबशी दोन वर्षं निघतील, म्हणाला, पुढचं सांगत नाही.

यजमान चष्म्याच्या दुकानात आहेत. सुट्टीच्या दिवशी ते सगळं वर्तमानपत्र वाचतात आणि मग घरच्यांना सुधारतात. ते म्हणाले, "नवीनच घ्यायची तर विजेवरची घे. दिवसभर गावातच फिरतेस, पेट्रोलचा खर्च वाचेल."

"आणि खोल्या?"

"खोल्या पण घे."

"पैसे तुमच्या दुकानातला चष्मा लावून मोजू का? म्हणजे दुप्पट दिसतील."

पैसे दोहोंतल्या एकापुरतेच होते. एक तर खोल्या घ्यायच्या आणि जुनी गाडी रेटायची, नाही तर विजेची गाडी घ्यायची आणि खोल्या सोडायच्या. बाईंचा भाऊ म्हणाला, "ताई, गाडी शोरूमच्या दारातून बाहेर पडली की भावात उतरते. घर चढतं. यात विचार कसला करायचा?" बाईंनाही ते पटत होतं. तरीही त्या म्हणाल्या, "आधी दोन्ही रस्ते पायी फिरून बघते."

आणि खरंच बघितले. शोरूममध्ये जाऊन विक्रेत्याला म्हणाल्या, "तुम्ही चालवा, मी शेजारी बसते." तो गोंधळला. गिऱ्हाईक चालवून बघतं ना! पण बाई वीस वर्षं शेजारच्या जागेवरूनच गाडी ओळखत आल्या आहेत. पहिल्याच चौकात सायकलवाला आडवा आला आणि बाईंनी दोन्ही पाय खाली दाबले. त्यांच्या शिकवणीच्या गाडीत तिथे जादा ब्रेक असतो. इथे नुसतं पायपुसणं होतं.

"मॅडम, त्या बाजूला ब्रेक नसतो," विक्रेता हसत म्हणाला.

"मला दिसतंय. बसवून मिळेल का?"

विक्रेत्याचं हसू थांबलं. त्याला आजवर कुणी हे विचारलं नसेल. मग बाई स्वतः चालवायला बसल्या. मला सांगताना त्यांचा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता. "मावशी, काही आवाजच नाही हो. गियरची खरखर नाही, काही नाही. मला वाटलं, मी बहिरी झाले." पण लगेच म्हणाल्या, "ते जाऊ दे. आवडणं वेगळं, परवडणं वेगळं."

मग खोल्यांची पाळी. मालकीणबाईंकडून किल्ली घेऊन त्या तीन दिवस रिकाम्या खोलीत जाऊन बसल्या. सकाळी एकदा, दुपारी एकदा, संध्याकाळी एकदा. नळाला पाणी कसं येतं, भिंतीला ओल आहे का, जिन्यात कोण भांडतं, सगळं पाहिलं. खोट काढायला जागा नव्हती. तिसऱ्या दिवशी त्या खिडकीत उभ्या राहिल्या. खाली चढावरचं वळण होतं. दुसऱ्या शिकवणीची एक गाडी तिथे बंद पडली होती, मागे सहा-सात गाड्या हॉर्न वाजवत होत्या. चालवणाऱ्या बाई साठीच्या असाव्यात. तीनदा गाडी मागे सरकली. चौथ्यांदा त्या दार उघडून उतरल्या, पर्स काखेत घेतली आणि गाडी तशीच शिकवणाऱ्याच्या गळ्यात टाकून उतारावरून चालत निघून गेल्या.

"मला त्यांच्यात तुम्ही दिसलात," बाई मला म्हणाल्या. गुरुवार नव्हता, सोमवार होता, आणि चहाला नाही म्हणून त्या सरळ मुद्द्यावर आल्या. "मावशी, त्या वेळच्या डायऱ्या आहेत का?"

रोज लिहायची सवय मला कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांनी लावली, ती सुटलेली नाही. डायरी काढली. बाई टेबलाशी बसल्या, मी वाचत गेले. "मंगळवार. चढावर सात वेळा बंद. मागच्या ट्रकवाल्याने हात जोडले." बाई हसल्या नाहीत. "पुढे?" म्हणाल्या. माझे एकूण एक्केचाळीस धडे झाले होते. त्यांतले सव्वीस नुसते क्लचवर गेले होते. बाकी सगळं, आरसे, वळणं, गाडी लावणं, मला पंधरा धड्यांत आलं होतं.

 बाईंनी पर्समधून वही काढली. मध्येच सोडून गेलेल्यांची नावं त्यात होती, एकोणीस. विजेच्या गाडीला क्लच नसतोच; अशा बिनगियरच्या गाडीवर परीक्षा देता यायला लागून वर्ष झालं होतं, पण गावात तशी शिकवणारं कुणी नव्हतं. माझ्याच फोनवरून त्यांनी एकेकाला विचारलं. एकाने फोन आपटला. एक बाई रडल्या. अकराजण म्हणाले, "क्लच नसेल तर येते, येतो."

मुदत संपायला दोन दिवस असताना बाईंनी मालकीणबाईंना किल्ली परत दिली. मी विचारलं, "वाईट वाटलं?"

"खूप," त्या म्हणाल्या. "तिथे एक खिळा ठोकायची जागासुद्धा ठरवली होती." एवढंच बोलून त्या उठल्या. त्यांचा धडा होता.

मला या बाईचं कौतुक वाटतं ते इथे. गाडी आवडली म्हणून त्यांनी घर सोडलं नाही. आवडलेली गाडी त्यांनी आधी बाजूला ठेवली होती, आणि परत हातात घेतली ती दुसऱ्यांचे गुडघे बघून. शिवाय तीन घरांचा हट्टही सोडला नाही, फक्त पंचावन्नच्या जागी साठ लिहिलं. यजमान म्हणाले, "हिनं म्हातारपण पाच वर्षं पुढे ढकललंय. मला विचारलं नाही." शेजारच्या जागेचा ब्रेक बसवून देणारा कारखाना त्यांनीच तीन आठवडे फोन करून शोधला, हे मात्र ते सांगत नाहीत. बाईंनी सांगितलं.

गाडी आली. पहिली शिकाऊ मी, वय एकाहत्तर. बाई दारात उभ्या, गाडी बंद. "चपला घाला."

"अहो, रस्ता तोच आहे!"

"रस्ता तोच आहे, मावशी. तुम्ही तीन वर्षांनी मोठ्या झालात."

पुन्हा सगळा रस्ता चाललो, हळू. स्टिअरिंगवर बसले ती दुसऱ्या दिवशी. गोल चौक झाला, शाळेचा पट्टा झाला, आणि चढावर पुढचा टेम्पो थांबला. मी ब्रेक दाबला. टेम्पो हलला. मी पाय उचलला. गाडी मागे आली नाही. नुसती वर निघाली.

वळणावर उजवीकडे त्या दोन खोल्यांची खिडकी आली. कुणीतरी तिथे पडदे लावले होते, पिवळे. एका नवीन जोडप्याने जागा घेतली होती. मी हळूच शेजारी पाहिलं. बाई मान वर करून त्या पडद्यांकडे बघत होत्या, आणि दोन्ही पाय त्यांच्या ब्रेकपासून वीतभर लांब, मोकळे ठेवलेले होते.

"मावशी, आरशात बघा," त्या मान न वळवता म्हणाल्या. "माझ्याकडे काय बघताय?"

मी आरशात पाहिलं. मागे चार गाड्या होत्या. एकही हॉर्न वाजवत नव्हती.